पिल्लांच्या पायांतली साखर

पिल्लांना ते अहो-जाहो करायचे आणि आम्हाला अगं-तुगं. नवीन माणूस प्रयोगशाळेत आला की पहिल्या दिवशी हमखास चक्रावायचा. सर कोंबडीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू तळहातावर घेऊन त्याला म्हणायचे, "या, बसा. घाबरू नका, आपल्याला काही घाई नाही." आणि त्याच दमात मान वळवून आमच्यावर, "ए, खुर्ची ओढू नकोस, उचल." मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ज्याचा जीव घ्यायचा त्याला एकेरी हाक मारायची नाही. तुझा जीव घेणार आहे का मी?" तसे ते आमचा जीव घ्यायचेच, पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार.

ही परळची गोष्ट, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांतली. गिरण्यांच्या भोंग्यांच्या मधोमध एका संशोधन संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं आणि सर माझे मार्गदर्शक. विषय मात्र चारचौघांत सांगायची चोरी. वरळीला बीडीडी चाळीत आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं की पोरगी डॉक्टर होतेय. शेजारची म्हातारी सकाळी नळावर गाठून गुडघेदुखीवर औषध मागायची. मी म्हणायचे, "आजी, मी कोंबडीच्या पिल्लांच्या पायांतली साखर मोजते." ती म्हणायची, "मग माझ्या पायांचं बी बघ की."

आता साखर म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. स्नायूला काम करायला साखर लागते. आपण डब्यात तांदूळ भरून ठेवतो तशी तो ती साठवून ठेवतो. पिल्लू वाढत असताना ही साठवण कधी सुरू होते, आणि ती साखर साठवायला-मोडायला जी एन्झाइमं लागतात ती कधी तयार होतात, हा सरांचा आयुष्यभराचा प्रश्न. एन्झाइम बनवायचा हुकूम जीनकडे असतो, एवढं तेव्हा कळायला लागलं होतं. पण जीन तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेशीत हजर. मग कामाला कधी लागतो? सर म्हणायचे, "हपिसात सगळे जागेवर आहेत, पंखे चालू आहेत, आणि काम कोणीच करत नाही. आता मला सांग, पहिली फाइल कशामुळे हलते?"

त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. पायांमुळे. पिल्लू बाहेर येतं, उभं राहतं, पडतं, धडपडतं, आणि त्या धडपडीनं पायातला जीन जागा होतो. आधी काम, मग सामग्री. तरुणपणी त्यांनी हे छापलं होतं आणि विलायतेच्या एका जाडजूड पुस्तकात त्याचा दाखलाही आला होता. ते पुस्तक कपाटात काचेमागे असायचं. ते पुसायचा मान फक्त सरांचा.

हाच नियम ते माणसांना लावायचे, ही खरी पंचाईत. मी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात बाहेरगावचे मोठे पाहुणे आले, तर सरांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. "हिला सगळं माहीत आहे, विचारा." मला तोवर तिथल्या यंत्राचं बटणही ठाऊक नव्हतं. पाहुणे गेल्यावर मी नळाशी उभी राहून रडले. सर आले, शांतपणे हात धुतले आणि म्हणाले, "आता येईल. अंगावर पडल्याशिवाय अंगात येत नाही." आणि आलं की हो. महिन्याभरात मी ते यंत्र उघडून पुन्हा जोडायला लागले.

माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, हे फार आवडलेलं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. आम्ही बौद्ध व्हायच्या वाटेवर होतो, घरातले जुने देव आधीच निघून गेले होते आणि त्या कोनाड्यात माझी पुस्तकं आली होती. दादा म्हणायचे, "जन्मानं काय येत नाय, कामानं येतं. तुझा मास्तर बामण असून बरोबर बोलतो." तेव्हा सरांचा सिद्धांत म्हणजे आमच्या घरचाच झाला होता म्हणा ना.

सरांचं दुसरं वेड शांततेचं. पिल्लू घाबरलं, फडफडलं, की पायातली साखर बघता बघता जळून जाते, आणि मग मोजायचं काय, तर आपली घाई. म्हणून प्रयोगशाळेत चपला दाराबाहेर. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले बंद केलेले. दाराशी एक लाकडी बाक होता. रस्त्यावरून आलेल्या प्रत्येकानं आधी त्यावर बसून माठातलं पाणी प्यायचं, श्वास जागेवर आणायचा, मग आत. घरी भांडून आलेला माणूस त्यांना चेहऱ्यावरून कळायचा. "आज तू पिल्लांना हात लावू नकोस. जा, काचा धू." आमच्यातल्या एकाचं नवंनवं लग्न झालं होतं, त्यानं त्या वर्षी ढीगभर काचा धुतल्या.

खालून मोर्चे जायचे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही आरोळी आली की सर धावत जाऊन खिडक्या लावायचे आणि फटींत कापूस कोंबायचे. संस्थेत काही जणांनी पसरवलं, की हा माणूस चळवळीच्या विरोधात आहे. एकदा एका मोर्चेकऱ्यानं वर बघून विचारलंही, "काय हो साहेब, मुंबई नको काय तुम्हाला?" सर खिडकीतून वाकून म्हणाले, "हवी आहे. पण इथे पिल्लं आहेत. बाबागाडी नेतात तसा मोर्चा जरा सावकाश न्या ना." तो माणूस इतका गोंधळला की पुढचा सगळा घोळका खरोखर गप्प चालत गेला. हेच सर गिरगावात घराखाली सभा असली की पहिल्या रांगेत बसायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि टोपली. टोपलीशिवाय सर म्हणजे पाण्याशिवाय नळ. माटुंग्याला एक कोंबड्या पाळणारा होता. त्याच्याकडे पहाटे फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं आम्ही घ्यायचो. ती आणायला सर स्वतः जायचे, आम्हाला कधी जाऊ दिलं नाही. "तुमचे हात धसमुसळे." गिरगावाहून माटुंग्याला, तिथून टोपली घेऊन पायी दादरला, आणि दादरहून ट्रामनं परळ. वेताची टोपली मांडीवर, वर त्यांचा लोकरी मफलर, आणि सर पिल्लांसाठी हळूहळू काहीतरी गुणगुणताहेत, हे दृश्य त्या मार्गावरच्या सगळ्या कंडक्टरांना पाठ होतं. एक कंडक्टर सामानाचं तिकीट मागायचा. सर म्हणायचे, "हे सामान नाही, हे उतारू आहेत." "मग उतारूंचं काढा." "लहान मुलांना तिकीट नसतं." हे इतक्या वेळा चाललं की कंडक्टरनंच नाद सोडला.

माझ्या आधीचा विद्यार्थी हुशार होता. त्यानं एकदा विचारलं, "सर, पिल्लू जन्मल्या जन्मल्या पळतं. साखर नंतर येते, तर ते पळतं कशावर?" सरांनी काहीतरी भारी उत्तर दिलं. त्याला पटलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि एक दिवस आवाज चढवला. तोही प्रयोगशाळेत. सरांनी त्याच्या प्रबंधावर सही केली नाही. तो औषधांच्या कारखान्यात लागला आणि आम्हाला रस्त्यात भेटला तरी परळचं नाव काढायचा नाही. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आली होती, चूल कुठे आणि पाणी कुठे हे नव्या सुनेला सांगतात तशी. सरांची सही नाही तर पदवी नाही, एवढं मी गाठीला बांधून ठेवलं.

मग ते दिवस आले. हरताळ, गोळीबार, संचारबंदी. ट्राम बंद, बस बंद. गिरगावात तर फारच पेटलं होतं, आणि सर गिरगावात. त्यांचा काही पत्ता नाही. घरचे मला सोडेनात. आई म्हणाली, "कोंबड्यांपायी जीव देतेस काय गं?" पण उबवणीच्या पेटीत अंडी होती. गर्भ बघायला ठेवलेली. ती फिरवायला हवीत, पेटीत पाणी घालायला हवं. शेवटी दादा म्हणाले, "चल, मी येतो," आणि डिलाईल रोडवरून, करी रोडच्या पुलावरून आम्ही दोघं भिंतीकडेनं चालत परळला जायचो. दादा बाकावर बसून राहायचे. पाणी प्यायचे. त्यांना तो बाक भारी आवडला.

संस्था ओस. सरांची टोपली येणार नाही, म्हणजे माझी पिल्लं नाहीत. तेवढ्यात पेटीतली अंडी फुटायला लागली. एरवी आम्ही ती इतकी वाढूच देत नव्हतो, पण त्या गडबडीत कोण उघडणार. फुटली ती फुटली, मी म्हटलं, वाया कशाला घालवू. त्यांच्याच मांडीचा स्नायू घेतला, सुक्या बर्फात टाकला, आणि नेहमीसारखं सगळं केलं. शेवटी नळीत हिरवा-निळा रंग येतो. साखर जितकी जास्त तितका रंग गडद. पहिल्या दिवसाच्या पिल्लांचा रंग नेहमी कसा, तर फिकट, धुतलेल्या साडीचं पाणी. आणि त्या दिवशी नळीत गडद हिरवं.

माझा विश्वास बसेना. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा गडद. मग न फुटलेलं अंडं घेतलं, आतल्या, पाय दुमडून बसलेल्या पिल्लाचा स्नायू घेतला. त्यात तर आणखी गडद. बाहेर पडायच्या झटापटीत थोडी साखर खर्च होत असावी एवढंच, पण डबा मुळीच रिकामा नव्हता. एन्झाइमही बघितलं. तेही कामावर हजर. पिल्लानं जमिनीवर पाऊल टाकायच्या आधीच जीन कामाला लागलेला होता.

मग सरांची पिल्लं रिकामी का? नळीकडे बघत बसले आणि एकदम लक्षात आलं. टोपली. पहाटे जन्मलेलं पिल्लू, उपाशी, गारठलेलं, दादरपर्यंत झोके खात, मग ट्रामचे हिसके, मग परळ. बिचारं सगळी साखर प्रवासातच संपवून यायचं. नंतर आमच्याकडे दाणा-पाणी मिळालं, ऊब मिळाली, की पुन्हा भरायची, आणि आम्ही म्हणायचो, बघा, चालल्यावर आली. जो माणूस पिल्लू दचकू नये म्हणून घड्याळाचे टोले बंद करतो, त्याच्याच मांडीवर बसून ती पिल्लं रिकामी होत होती. आणि हे आता मी त्यांना सांगायचं. दादांना बाकावर जाऊन सांगितलं तर म्हणाले, "मग नको सांगूस. सही होऊ दे आधी." दादांनी आयुष्यात मला दिलेला हा एकच वाईट सल्ला, आणि मला तो घ्यायची फार इच्छा झाली.

संचारबंदी उठली. सकाळी मी जिन्यात होते, तर वरून गुणगुणणं ऐकू आलं. सर बाकावर बसून पाणी पीत होते. दाढी वाढलेली, बाजूला रिकामी टोपली. इतके दिवस मनात नको नको ते येत होतं. त्यांना धडधाकट बघून मी तिथेच पायरीवर बसले. ते म्हणाले, "अगं, मी तर पहिल्याच दिवशी निघालो होतो. पोलिसांनी कोपऱ्यावर धरलं. म्हणाले, कुठे चाललास? मी म्हटलं, पिल्लं आणायला. त्यांना वाटलं टोपलीत दगड भरणार आहे. घरी आणून सोडलं." मग हळूच, "अंडी गेली ना आपली?"

"नाही सर. फुटली. मी मोजली."

माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. मी सगळं सांगितलं. थांबत, अडखळत, पण सांगितलं. लपवायला जमलंच नाही, कारण त्यांनी पहिला प्रश्नच विचारला, "रंग कसा?" रंगाबद्दल त्यांच्याशी खोटं बोलणं म्हणजे सोनाराला पितळ विकणं. ते ऐकत होते आणि त्यांचा हात टोपलीच्या कडेवरून फिरत होता. मग उठले आणि म्हणाले, "चला तुम्ही."

मला 'तुम्ही' म्हणाले. पिल्लांना म्हणायचे तसं.

पण ते गेले पेटीकडे. आदल्या दिवशी फुटलेली पिल्लं होती, त्यातली अर्धी टोपलीत घातली, अर्धी पेटीतच ठेवली. मफलर पांघरला. "यांना फिरवून आणू." आणि आम्ही दोघं निघालो. परळहून ट्रामनं दादर, तिथून पायी माटुंगा. कोंबड्यावाला बाहेर आला, आम्ही त्याच्या दारात वळलो आणि तसेच परत. तो ओरडत राहिला, "अहो साहेब, चहा तरी!" परतीच्या ट्राममध्ये तोच कंडक्टर. त्यानं मफलर उचलून बघितलं. "काय साहेब, आज परत करायला नेली होती? खराब निघाली काय?" सर म्हणाले, "ती नाही हो. मी." कंडक्टर हसला. सर गुणगुणत नव्हते. सबंध वाट ते टोपलीत बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

नळ्यांचं काम त्यांनी स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही. दुपारी दोन्हींकडच्या नळ्या खिडकीशी उजेडात धरल्या. पेटीतली पिल्लं गडद. फिरून आलेली, साडीचं पाणी. मी मनात म्हटलं, गेली पदवी, आता औषधांचा कारखाना. सर नळ्यांकडे बघत बघत स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "सुटलो."

मला वाटलं ऐकायला चुकले.

"अगं, तो पोरगा बरोबर विचारत होता. पिल्लू पळतं कशावर? मी त्याला इतकी मोठी मोठी उत्तरं दिली, आणि माझं मलाच पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणूनच चिडलो. छापलेलं होतं ना. तेव्हापासून हे घशात काट्यासारखं अडकलं होतं." मग ते हसले, अगदी मोकळे. "आता जीनला उठवतं कोण, हे मला मुळीच माहीत नाही. काय बरं वाटतंय म्हणून सांगू."

त्यांनी त्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात माणूस धाडला, त्याला बोलावून घेतलं, आणि बाकावर शेजारी बसवून त्याची माफी मागितली. तो आधी अवघडून बसला होता. मग दोघं पाणी प्यायले, मग कागद काढून वाद घालायला लागले. पुढे त्याच्याही प्रबंधावर सही झाली.

घरी मात्र माझा पाय अडखळत होता. दादांचा लाडका सिद्धांत मीच बुडवला होता. जेवताना सांगितलं. दादांनी घास हातातच ठेवला. "म्हणजे जन्मानंच येतं, असं म्हणायचं तुझं?"

"पिल्लांच्या पायांतली साखर येते, दादा."

"सगळ्या पिल्लांना? का थोड्यांनाच?"

"सगळ्यांना. जितकी बघितली तितक्यांना."

"सारखी?"

"उन्नीस-बीस. पण सारखीच."

"मग काय हरकत नाय," म्हणाले, आणि घास तोंडात घातला. आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले.

शेवटचं म्हणजे संस्थेतली शनिवारची सभा. सगळे विभाग जमायचे. सर उठून फळ्याशी गेले, टोपली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मंडळी, इतकी वर्षं मी पिल्लांचा अभ्यास करतोय असं मला वाटत होतं. मी ट्रामचा अभ्यास करत होतो." सभागृह हसलं. ज्यांना त्यांचं वाईट व्हावं असं वाटत होतं तेही हसले, आणि त्यात विष नव्हतं. सर म्हणाले, "चूक माझी आहे, ती मी सांगितली. काम हिचं आहे, ते ही सांगेल." आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले.

मी उभी राहिले. समोर सगळे चष्मे, पांढरे कोट, मागे दाराशी माझे दादा, सरांनीच मुद्दाम बोलावलेले. माझे पाय लटलट कापायला लागले. एरवी अशा वेळी सर गप्प बसून मजा बघायचे, पडली तर पडू दे, शिकेल म्हणून. त्या दिवशी ते खुर्चीत पुढे झुकले आणि एवढ्या हळू म्हणाले, की पहिल्या रांगेपलीकडे कोणाला ऐकू गेलं नसेल:

"आहे गं पायांत. आधीपासून आहे. बोल."

आणि मी बोलले.